'निष्काळजी' हा शेरा कोणावर?

गणिताच्या पेपरात 'एकोणतीस'चे 39 झाले की लाल शाईचा शेरा ठरलेला : निष्काळजीपणा! आम्ही विचारतो, ही चूक निष्काळजीपणाची आहे काय? पोराच्या कानावर 'तीस' पडते आणि हात तीन लिहून मोकळा होतो. 'सत्तावीस'मध्ये सात आधी ऐकू येतात, म्हणून 72 होतात. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' दिले, तेव्हा शिकल्यासवरल्यांनी त्याची टिंगल केली. त्यांच्यापैकी कितीजणांनी शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या वह्या पाहिल्या होत्या?

रेवदंड्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या आईशेजारी बसलेले पोर 340 च्या मालावर पाचशेच्या नोटेतून 160 परत द्यायचे, हे तोंडी सांगते. तेच पोर कागदावर शून्यातून चार जात नाहीत म्हणून चारातून शून्य वजा करते आणि 240 लिहिते. बाजारात असे केले असते तर आईने तिथेच हात धरला असता. पेपरात हात धरणारे कोणी नसते.

म्हणून उलटी बेरीज शिकवा. 240 आणि 340 म्हणजे 580. नोट तर पाचशेचीच होती! चौकटीची वही द्या, एका घरात एकच अंक. शिकलेल्या घरात 'पुन्हा बघ' म्हणायला कोणीतरी असते. आमच्या वस्तीत त्या वेळी आईबाप कामावर असतात, तेव्हा ते गुरुजींनीच म्हणायला हवे, आणि पेपराची शेवटची दहा मिनिटे त्यासाठीच राखून ठेवायला हवीत.