पाठलाग नसलेलं पळणं

गेल्या वर्षी बंगळूरमधल्या एका लग्न-आयोजक कंपनीचं माहितीपत्रक माझ्याकडे मराठी भाषांतरासाठी आलं. मजकूर सोपा होता. चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यात किंवा हिमालयात कुठेतरी लग्न. वधूवर आणि फार तर दहा-बारा पाहुणे. पहाटे ट्रेक करून वर जायचं, सूर्योदयाला हार घालायचे, फोटोग्राफर आणि ड्रोन सोबत. या प्रकाराचं नाव ‘ॲडव्हेंचर एलोपमेंट’. मी लिहिलं : ‘पळून जाऊन साहसी लग्न’. दुसऱ्या दिवशी फोन आला. “मॅडम, ‘पळून’ नको. निगेटिव्ह वाटतं. आईवडीलही वाचतात ना हे.”

म्हणजे पळून जाण्याचं बिल आईवडील भरणार होते!

मी ‘डोंगरातलं छोटेखानी लग्न’ असं लिहून दिलं आणि पैसे घेतले. पण प्रश्न राहिला. इंग्रजी शब्द त्यांना हवासा वाटत होता, त्याच अर्थाचा मराठी शब्द मात्र अंगावर पाल पडावी तसा झटकून टाकायचा होता. असं का?

आधीच सांगते, छोट्या लग्नांशी माझं भांडण नाही. हजार पानं उठवणारी, मुलीच्या बापाला कर्जात बुडवणारी लग्नं मी पाहिली आहेत. ज्यांना ते नको, त्यांनी खुशाल डोंगरावर जावं. माझं भांडण शब्दाशी आहे, आणि तो शब्द ज्यांच्या हातून काढून घेतला जातोय त्यांच्या वतीने आहे.

‘एलोपमेंट’ हा शब्दही मुळात असा गुळगुळीत नव्हता. १७५३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालच्यांना लग्नाच्या परवान्यासाठी पालकांची संमती लागू लागली, तेव्हा प्रेमिकांनी स्कॉटलंडची हद्द गाठली. हद्दीलगतचं ग्रेटना ग्रीन त्यामुळे प्रसिद्ध झालं. मागून घोडागाडी येत असायची, म्हणून ते पळणं. आज तिकडे हद्द आहे, पाठलाग नाही. म्हणून त्यांना तो शब्द खेळण्यासारखा वापरता येतो. आपल्याकडे पाठलाग अजून चालू आहे.

आपल्या भाषेने या गोष्टीचं काय केलं होतं, तेही पाहा. विदर्भातल्या एका राजकन्येने भावाने ठरवलेलं स्थळ नाकारलं, आपल्या पसंतीच्या पुरुषाला गुपचूप निरोप धाडला, देवदर्शनाचं निमित्त करून बाहेर पडली आणि त्याच्या रथात बसून गेली. भाऊ सैन्य घेऊन मागे लागला. ही सरळसरळ पळून जाण्याची गोष्ट. पण महानुभाव कवी नरेंद्राने आणि पुढे एकनाथांनी आपल्या काव्याला नाव दिलं ‘रुक्मिणीस्वयंवर’. जगाने ज्याला हरण म्हटलं, त्याला मराठी कवींनी स्वयंवर म्हटलं : तिने स्वतः केलेली निवड. माझ्या मते मराठीतलं ते एक थोर भाषांतर आहे. पळणाऱ्या मुलीला त्यांनी मान दिला. माहितीपत्रक उलटं करतं. पळण्यातला थरार ठेवतं आणि पळणारी मुलगी गाळून टाकतं.

ती मुलगी मला भेटलेली आहे. बेळगावकडची, बंगळूरमध्ये नोकरी करणारी. मुलगा वेगळ्या धर्माचा, म्हणून विशेष विवाह कायदा, १९५४. या कायद्याखाली आधी नोटीस द्यावी लागते. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात दर्शनी जागी लागते आणि आक्षेप घ्यायला जगाला तीस दिवस मिळतात. दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत तिथल्या अधिकाऱ्याकडेही जाते, तिथेही लावायला. जिथून पळालो तिथेच आपला पत्ता सरकारी खर्चाने पोचतो.

नवव्या दिवशी तिचे काका आणि भाऊ तिच्या पीजीखाली उभे होते. पुढचे तीन आठवडे ती माझ्या घरी होती. “ताई, गॅलरीत कपडे मी वाळत घालू का?” असं विचारायची आणि मी नको म्हटलं की बादली ठेवून द्यायची. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. एक मी, एक मुलाचा मित्र. तिसरी यायची होती ती तिची सहकारी. तिने सकाळी फोन बंद ठेवला. शेवटी बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसाने सही केली. त्या लग्नाचा फोटो कुणी काढला नाही. आजही नाही.

लोक म्हणतात, शब्द बदलतात, तुम्ही भाषेच्या पोलीस आहात का? नाही. शब्द बदलतातच, तोच माझा धंदा आहे. पण एखाद्या शब्दामागचं भय संपल्यावर तो हलका होणं वेगळं आणि भय तसंच असताना त्याच्यावर फुलं लावणं वेगळं. ‘सैराट’चा शेवट आठवा. त्याच सिनेमातल्या ‘झिंगाट’वर डोंगरातल्या रिसॉर्टमध्ये आपण नाचतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे आणि विशेष कक्ष हवेत असं सांगितलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस जाहीर करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. तरी १९५४ चं कलम पुस्तकात तसंच आहे. आणि महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये काय केलं? आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. पाठलागाला लेटरहेड मिळालं.

छोट्या लग्नाला जर परंपरा हवी असेल, तर ती आयात करायची गरज नाही. १८७३ मध्ये जोतिरावांच्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली. इथे कर्नाटकात कुवेंपूंनी ‘मंत्र मांगल्य’ लिहिलं आणि १९६६ मध्ये मुलगा पूर्णचंद्र तेजस्वी यांचं लग्न त्याच पद्धतीने झालं. पुरोहित नाही, हुंडा नाही, थाटमाट नाही, मोजकी माणसं, आणि वधूवरांनी घ्यायची समतेची वचनं. कुवेंपू मलनाडचे, म्हणजे डोंगरातलेच. पण त्यांच्या लग्नविधीत पार्श्वभूमीला डोंगर असणं ही अट नव्हती; जातीच्या आणि कर्मकांडाच्या ओझ्यातून मोकळं होणं ही होती. कन्नड घरांत आजही अशी लग्नं लागतात. त्यांना कुणी ‘पॅकेज’ म्हणत नाही.

गंमत म्हणजे विशेष विवाह कायदाही तेवढा रुक्ष नाही. कार्यालयापासून वाजवी अंतरावर, जादा फी भरून, वधूवरांना हव्या त्या ठिकाणी आणि हव्या त्या पद्धतीने लग्न लावता येतं. एकमेकांना स्वीकारल्याचं वाक्य त्यांना समजणाऱ्या कुठल्याही भाषेत म्हणता येतं. एका भाषांतरकाराला कायद्याकडून आणखी काय हवं? नोटिशीचं कलम तेवढं जाऊ दे.

तोवर माझं म्हणणं इतकंच. ज्यांच्या लग्नाला आईवडिलांचा आशीर्वाद, ड्रोन आणि परतीचं तिकीट आहे, त्यांनी त्याला छोटं लग्न म्हणावं. चांगला शब्द आहे, त्यात कमीपणा नाही. ‘पळून’ हा शब्द ज्यांना अजून लागतो त्यांच्यासाठी ठेवा. आणि डोंगरावरून उतरल्यावर एक काम करा. उपनिबंधक कार्यालयाबाहेर तिसऱ्या साक्षीदाराची वाट बघत ताटकळलेलं जोडपं दिसलं, तर आत जाऊन सही करा.