गुन्हा कोणाच्या नावावर?

जानेवारी हा रस्ता सुरक्षेचा महिना. शाळांतून शपथा दिल्या जातात, चौकाचौकांत फलक लागतात, हेल्मेट नसलेल्यांची चालाने फाडली जातात. चालान भरले की प्रकरण मिटले, असे आपण सगळेच समजतो. बुऱ्हाणपूरकरांनी तरी हा समज या महिन्यात सोडून द्यावा; चूक चालकाच्या लायसनवरही नोंदली जायला हवी.

ब्रिटनमध्ये वाहतुकीच्या अनेक चुकांचे गुण लायसनवर चढतात. तीन वर्षांत १२ गुण झाले की साधारणपणे किमान सहा महिने गाडी बंद. नवशिक्याचे पहिल्या दोन वर्षांत ६ गुण झाले, तर लायसनच रद्द होते. जर्मनीत ८ गुण झाले की लायसन जाते. आपल्याकडे २०१४ च्या रस्ते वाहतूक व सुरक्षा विधेयकाच्या मसुद्यात अशी गुणपद्धत होती. ते विधेयक कायदा झालेच नाही. मात्र २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अतिवेग, धोकादायकपणे वाहन चालवणे, दारू, दुचाकीवर तिघे, हेल्मेट नसणे अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतात. चालकाचे म्हणणे ऐकून कार्यालय पहिल्या वेळी तीन महिने लायसन निलंबित करू शकते, दुसऱ्या वेळी ते रद्दही होऊ शकते. निलंबनाच्या काळात गाडी चालवताना सापडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते, आणि भरपाईचा बोजा गाडीमालकावर येऊ शकतो.

कागदावर हे पुरेसे कडक आहे. अडचण नोंदीची आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या चुकीचे चालान जाते गाडीच्या नंबरावर, म्हणजे मालकाच्या मोबाईलवर. चालवणारा कोण होता हे बहुतेकदा कोणी विचारत नाही. मालक पैसे भरतो, फार तर चालकाच्या पगारातून कापतो. चालकाचे लायसन कोरेच राहते. इंदूर–इच्छापूर रस्त्यावर हे फार महागात पडते. एमपी ६८ ची, म्हणजे बुऱ्हाणपूर पासिंगची गाडी असीरगडचा घाट उतरते, बुऱ्हाणपूर मागे टाकते आणि इच्छापूर ओलांडून मुक्ताईनगरला, महाराष्ट्रात एमएच १९ च्या मुलखात शिरते. रस्ता तोच, चालक तोच, पण दंड दोन राज्यांत विखुरलेला. ‘सारथी’ या देशव्यापी प्रणालीत लायसनची माहिती असते. प्रत्येक चालान गाडीबरोबर चालकाच्या लायसनलाही जोडले गेले, तर तोच माणूस वारंवार तीच चूक करतो आहे हे दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना दिसेल. आमची मागणी एवढीच आहे, आणि ती आम्ही आग्रहाने मांडतो.

तिच्यासोबत एक अट मात्र हवी. या रस्त्याने केळीचे ट्रक धावतात, आणि केळी थांबत नाही. गाडी उशिरा पोहोचली की भाव पडतो, म्हणून व्यापारी घाई करतो, मालक घाई करतो, आणि रात्रभर न झोपलेला चालक वेग वाढवतो. उद्या लायसन जाईल ते त्या एकट्याचे, आणि त्याच्या घरची चूल तीन महिने त्यावर अडेल. पैसेवाल्या घरच्या पोराला तीन महिने गाडी न मिळणे आणि ट्रकचालकाला न मिळणे, ही एकच शिक्षा नव्हे. म्हणून वेळेचा दबाव कोणी आणला याचीही चौकशी व्हावी, ओव्हरलोड भरणाऱ्याचे नावही नोंदीत यावे. सुनावणीची सूचना चालकाला त्याच्या भाषेत आणि त्याच्या चालू नंबरावर मिळावी. अनेकांच्या लायसनला जोडलेला मोबाईल नंबर कधीच बदलून गेलेला असतो. या महिन्यात शिबिरे घ्यायचीच आहेत, तर पहिले शिबिर नंबर दुरुस्तीचे घ्यावे.

निलंबित लायसन परत देण्यापूर्वी फेरप्रशिक्षणाची सोय कायद्यात आहे. ते प्रशिक्षण बुऱ्हाणपुरातच मिळायला हवे, रोजगार बुडवून इंदूरला जावे लागता कामा नये. शिकवावे तेही इथल्याच रस्त्यावर, असीरगडच्या उतारावर, लादलेली गाडी घेऊन.