तळपायाची आग

रविवारच्या पुरवणीत एका ज्येष्ठ लेखकमहाशयांचं चिंतन वाचलं. नाव घेत नाही. घेतलेलं त्यांना आवडेल, म्हणूनच घेत नाही. पुण्याच्या मेट्रोत त्यांना म्हणे एक तरुण दिसला. राखलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट, पाठीला लॅपटॉपची सॅक आणि पायात काळ्या, तीन इंच टाचेच्या सँडल. तो कुणाला धक्का मारत नव्हता, मोठ्याने रील वाजवत नव्हता. उभा होता, आपलं स्टेशन आल्यावर उतरून गेला. एवढ्या भांडवलावर महाशयांनी पाऊण पान भरलं आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. उंच टाच ही स्त्रीची वस्तू, निसर्गानेच तिला दिलेली. (निसर्ग चपला कधीपासून शिवायला लागला, ते लेखात नाही.) पुरुषाने ती घालणं हे पाश्चात्त्य खूळ. आपल्या परंपरेत पुरुषाचा पाय कसा जमिनीला घट्ट. शिवाय गुडघे जातात, कंबर जाते. नाटकसिनेमात एक वेळ चालेल, पण रोज? ऑफिसला जाताना? हे सगळं लक्ष वेधून घेण्यासाठी. आणि शेवटी, शिरस्त्याप्रमाणे, पुढच्या पिढीचं काय होणार.

किरकोळ मुद्दे आधी उरकते. लक्ष वेधण्याबद्दल: डब्यातल्या बाकी सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये होत्या असं महाशयांनीच लिहिलं आहे, तेव्हा लक्ष त्यांचं एकट्याचं वेधलं गेलं. पुढची पिढी: तिला नोकरीची आणि घरभाड्याची काळजी आहे, परक्या माणसाच्या सँडलची नाही. अशा मुलांची लग्नं कशी जमणार, असाही एक उसासा आहे. सपाट चपला घालणाऱ्यांची तरी कुठे जमतायत?

आता टाच बाईची, या मुद्द्याकडे येते. हा मुद्दा माझ्या फार आवडीचा, कारण यात एक अक्षरही खरं नाही.

उंच टाच आली ती पुरुषाच्या पायात, आणि आली ती लढाईसाठी. इराणचे स्वार टाचेचे बूट घालत. रिकिबीत पाय टाकला की टाच तिथे अडकून बसे, स्वार रिकिबीवर उभा राहू शके आणि दोन्ही हात धनुष्यासाठी मोकळे राहत. १५९९ मध्ये शाह अब्बासने युरोपातल्या राजांकडे वकील धाडले. त्याला तुर्कांविरुद्ध मदत हवी होती. मदत मिळाली ती नावापुरतीच, पण त्या सुमारास युरोपच्या सरदारांना इराणी गोष्टींचं वेड लागलं आणि इराणी टाच त्यांच्या पायांत शिरली. घोड्यावर न बसणारेही ती मिरवू लागले. दगडी रस्त्यावर आणि चिखलात ती गैरसोयीची होती, आणि तीच तिची शान होती: याला पायी चालावं लागत नाही, हे जगाला दिसत होतं.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तर कहर केला. रिगो या चित्रकाराने १७०१ मध्ये काढलेलं त्याचं चित्र पॅरिसच्या लुव्रमध्ये आहे. साठी उलटलेला राजा, खांद्यावरून ओघळणारा अस्तराचा झगा, पांढऱ्या मोज्यातली पोटरी मुद्दाम पुढे काढलेली आणि बुटांच्या टाचा लालभडक. लाल टाच घालण्याचा मान त्याच्या दरबारातल्या मानकऱ्यांनाच होता. युरोप थरथर कापत होता त्या माणसापुढे. त्याला कुणी बायकी म्हटल्याचं ऐकिवात नाही. म्हणणारा पुढे किती दिवस राहिला असता, हा प्रश्न वेगळा.

बायका या गोष्टीत नंतर आल्या. सतराव्या शतकात तिथल्या नटव्या स्त्रियांनी पुरुषांच्या टोप्या उचलल्या, केस आखूड केले, त्यासोबत पुरुषांची टाचही उचलली. म्हणजे त्या काळचे महाशय 'बायका पुरुषी झाल्या हो' म्हणून गळा काढत असणार. पुढे अठराव्या शतकात पुरुषांनी रेशीम, लेस आणि रंग हळूहळू टाकले, गंभीर दिसायचं ठरवलं, आणि टाचही टाकली. आमच्याकडे राहिली ती त्यांनी टाकलेली वस्तू. तीच आता निसर्गदत्त ठरली! पुरुषांनी ती पुरती टाकलीही नाही म्हणा. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या बुटाला तिरपी टाच आहे ती त्याच रिकिबीसाठी. स्पेनचा फ्लामेंको नाचणारा पुरुष टाचेनेच जमीन वाजवतो. १९७०च्या दशकात तर जाड तळाचे, उंच टाचेचे बूट आणि त्यांवर लोळणारी बेलबॉटम हा आपल्याकडेही तरुणांचा गणवेश होता. महाशयांच्या छापलेल्या वयावरून हिशेब केला तर त्यांच्या लग्नाच्या अल्बमकडे मी अपेक्षेने पाहते. हे सगळं मी कल्पनेने लिहीत नाही. ज्यांच्या काळ्या बुटांत आपण सगळे शाळेत गेलो त्या बाटा घराण्याने उभारलेलं पादत्राणांचं संग्रहालय टोरांटोत आहे. तिथे २०१५ मध्ये पुरुषांच्या टाचांवर अख्खं प्रदर्शन भरलं होतं.

आणि पादत्राण कुणाचं, हा वाद आपल्याला नवा आहे का? काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी पायात जोडे घालून, हातात छत्री घेऊन रस्त्यावर निघाल्या तेव्हा लोकांनी त्यांच्यावर दगड मारल्याची हकीकत आहे. जोडे आणि छत्री ही पुरुषांच्या अधिकाराची खूण होती; बाईने ती वापरणं म्हणजे पायरी सोडणं. काय जोडे होते ते? टाचेचे नसणार. साधे जोडे. तेव्हाही कुणीतरी निसर्गाचा हवाला दिला असेल, परंपरेचा तर नक्कीच. एक मराठीतली आरंभीची कादंबरीकार झाली, दुसरी डॉक्टर झाली. दगड मारणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुणाला ठाऊक नाही. त्यांचे वारस मात्र लिहिते आहेत.

असाच एक वाद कुणी गृहस्थ माझ्याशी मागे घालत होते, मुलींच्या जीन्सवरून. त्याआधी पंजाबी ड्रेसवरून, त्याआधी नऊवारी जाऊन पाचवारी आली तेव्हा त्यांच्या वडिलांनी घातला असणार. दर वेळी संस्कृती बुडणार होती. पण हे विषयांतर झालं.

परंपरेत पुरुषाचा पाय जमिनीला घट्ट, असं महाशय म्हणतात. मग खडावा काय होत्या? लाकडाच्या दोन उभ्या पट्ट्यांवर पाय जमिनीपासून वर उचललेला, पकड अंगठा आणि शेजारच्या बोटातल्या खुंटीची, त्यावर तोल सांभाळत साधुसंत चालले. ज्यांनी चौदा वर्षं अयोध्येचं सिंहासन सांभाळलं त्या पादुकाच होत्या. कोल्हापुरी चपलेतला करकर आवाज कशासाठी? गडी येतोय हे चार घरांना कळावं म्हणून. पायातल्या आवाजाची हौस पुरुषांना नाही, असं या मातीत तरी म्हणू नये. आणि ज्या शहरात भिकबाळी घातलेला माणूस अस्सल परंपरेचा पाईक ठरतो, तिथे बसून 'पुरुषाला नटणं शोभत नाही' हे वाक्य लिहायला धाडस लागतं. ते महाशयांपाशी आहे, मान्य.

नाटकात चालेल हा मुद्दा मात्र मला खरोखर बोलका वाटतो. चालेल काय, आपण डोक्यावर घेतलं. बालगंधर्वांच्या साडीची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. आजही टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत दर आठवड्याला कुणी ना कुणी पुरुष साडी नेसून, हाय हिल्स घालून मुद्दाम अडखळतो, आणि घरातली तीन पिढ्यांची माणसं हसतात. महाशयही हसत असतील. तेव्हा पुढची पिढी त्यांच्या शेजारी सोफ्यावरच बसलेली असते.

म्हणजे पाहा. लढाईसाठी टाच चालते. राजाच्या रुबाबासाठी चालते. तिकीट लावून चालते, हसवण्यासाठी चालते. उंची वाढवण्यासाठी तर धावते. आत छुपी टाच असलेले पुरुषांचे बूट राजरोस विकले जातात, घालणारा कुणाला सांगत नाही, विकणारा विचारत नाही. बुटक्या नायकाला पाटावर उभं करून नायिकेशी प्रेम करायला लावतात. महाशयांच्या स्वतःच्या काळ्या बुटालाही इंचभर टाच असणार, चांभाराकडे जाऊन तपासावी. लपवलेली टाच मर्दानी आणि दिसणारी बायकी, असा हा न्याय आहे. कारण कुठलंही सांगा, समाज ऐकून घेतो. 'मला आवडतं' एवढंच कारण सांगितलं की मात्र तळपायाची आग मस्तकात.

राहिले गुडघे. हा एकच आक्षेप ऐकण्याजोगा आहे. उंच टाचेने शरीराचा भार चवड्यावर येतो, पोटरीचे स्नायू आखडतात, गुडघ्यावर ताण वाढतो. खरं आहे. पण महाशय, हा कळवळा इतके दिवस कुठे होता? मी तरुणपणी एका हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरी केली. टाचेचे बूट नियमात होते. काउंटरमागे उंच स्टूल होतं, पण पाहुण्यांसमोर त्यावर बसायचं नाही, हेही नियमात होतं. पाळी संपवून घरी आले की आई कोमट पाण्यात मीठ घालून घमेलं पुढे सरकवायची आणि काही बोलायची नाही. वरिष्ठ बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "होते गं सवय पायांना." तेव्हा आमच्या गुडघ्यांवर कुणी पाऊण पान लिहिलं नाही. २०१५ मध्ये लंडनमध्ये एका स्वागतिकेला सपाट बूट घातले म्हणून बिनपगारी घरी पाठवलं. दीड लाखाहून जास्त लोकांनी तिच्या अर्जावर सह्या केल्या, पार्लमेंटात चर्चा झाली, आणि सरकारने कायदा बदलायला नकार दिला. जपानमध्ये २०१९ साली बायकांनी टाचांच्या सक्तीविरुद्ध आवाज उठवला, तर मंत्रिमहोदय म्हणाले, समाजाला कामासाठी आवश्यक आणि योग्य वाटतं त्या मर्यादेत ते ठीकच. आपल्याकडे दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या बायकांना नुसतं बसता यावं म्हणून केरळला २०१८ मध्ये कायदा बदलावा लागला. बाईचा गुडघा सक्तीने गेला तर ती शिस्त, आणि पुरुषाचा गुडघा हौसेने जाईल म्हटल्यावर राष्ट्रीय आपत्ती! सक्तीच्या टाचेविरुद्ध लिहा, मी शेजारी उभी राहते. सपाट चपलांत.

खंडन झालं. मंडनाचं म्हणाल तर ते फार लांबणार नाही, कारण आवडीला पुरावे लागत नाहीत.

माझ्या ओळखीत ठाण्याचे एक हिशेबनीस आहेत. पन्नाशीचे, विवाहित, दोन मुलींचे बाप. अडीच इंची ब्लॉक हिलचे बूट ते रोज घालतात. सुरुवातीला त्यांनी पॅन्टची मोहरी इंचभर लांब करून घेतली होती, टाच झाकली जावी म्हणून. आता पुन्हा वर घेतली आहे. पेन्सिल हिल फक्त घरच्या समारंभात, कारण फूटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती रुतते. टाचेखालची रबरी चकती झिजून खिळा वाजू लागला की स्टेशनाबाहेरचा चांभार बदलून देतो. त्याने अजून एकदाही प्रश्न विचारलेला नाही. त्याला कामाशी काम. बायकोची तक्रार एवढीच, की माझ्या घालू नका, तुमच्या पायाने पट्टे सैल होतात.

मी त्यांना विचारलं, का घालता? म्हणाले, "पाठ आपोआप सरळ होते. पाऊल बघून टाकावं लागतं. आणि तो टक्‌टक् आवाज बरा वाटतो." आणखी काही? "नाही, एवढंच."

लोक त्यांच्याबद्दल नाना तर्क करतात. तर्क चुकीचे आहेत, आणि बरोबर असते तरी बिघडलं नसतं. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगून ठेवलं आहे की पेहरावातून स्वतःला व्यक्त करणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं. ज्यांना कायद्याची भाषा कळते त्यांच्यासाठी एवढं पुरे. ज्यांना कळत नाही त्यांनी मेट्रोत खिडकीबाहेर बघावं. मुठा नदी दिसते, तिच्याबद्दल पाऊण पान लिहिण्यासारखं पुष्कळ आहे.

माझी विनंती महाशयांना नाहीच. ती लक्ष्मी रस्त्यावरच्या आणि दादरच्या चपलांच्या दुकानदारांना आहे. टाचेच्या सँडलचे नंबर तुमच्याकडे सात-आठला संपतात. नऊ, दहा, अकरा ठेवा. गिऱ्हाईक आहे, रोख पैसे देतं, आणि आत यायला संकोचतं. आलं तर बसायला स्टूल द्या आणि हसू नका.