गाडी कुठे थांबवावी?

सुट्टी लागली की कोकणच्या किनाऱ्यांवर जीपगाड्या उतरतात. फोर बाय फोर घेतली म्हणजे वाळूही आपलीच, असा काहींचा समज असतो. चारही चाकांना जोर मिळतो खरा; पण ओल्या वाळूत गाडी रुतली की त्याच जोराने चाके आणखी खोल जातात. ओहोटीनंतर सहा तासांत भरती येते. मग मदतीला गावातल्याच लोकांना बोलवावे लागते.

गाडीचे नुकसान भरून निघेल. पण वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी वाळूत अंडी घालून जातात. गावकरी ती उचलून कुंपणात सांभाळतात. नजरेतून सुटलेले घरटे मात्र चाकांखाली दडपले जाते. चाकोरीत अडकलेले इवलेसे पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचतच नाही.

शौक जरूर करावा. गाडी रस्त्यालगत ठेवून किनाऱ्यावर पायी उतरावे. डोंगरात मळलेली वाट सोडू नये. कुणाच्या शेतातून जायचे तर आधी विचारावे. मागच्या सीटवरची मुले सगळे बघत असतात. अब्बा गाडी कुठे घालतात ते, आणि कुठे थांबवतात तेही.