अज्ञानाची फी

मंडळी, आज जरा चिडूनच लिहिते आहे.

गेल्या महिन्यात पुतण्याच्या गाडीची बॅटरी बदलली. चारही चाकांना जोर देणारी, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्हची गाडी. नवी बॅटरी लावताच समोर पिवळे दिवे लागले. गॅरेजवाल्याने चेहरा गंभीर करून "कंट्रोल युनिट गेलंय" म्हणून सांगितलं आणि भलामोठा आकडा काढला. दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवलं, मध्ये आणलं आणि गाडी थोडी सरळ रस्त्यावर नेली. दिवे गेले!

यात जादू नाही. स्टिअरिंग किती वळलंय हे सांगणारा एक सेन्सर असतो. बॅटरीची तार सुटली की बऱ्याच गाड्यांत तो आपला मध्य विसरतो. मागच्या चाकांना किती जोर द्यायचा, हे ठरवताना गाडीचा संगणक त्याचीही साक्ष काढतो. साक्षीदारच बावचळला, तर संगणक ती यंत्रणा तात्पुरती बंद ठेवून दिवा लावतो. गैरहजर राहिलेल्या मुलाला धडा परत सांगावा, इतकंच काम. त्यासाठी कोणी त्याला शाळेतून काढत नाही!

काही गाड्यांत हे स्कॅनर जोडूनच करावं लागतं, मान्य. एवढं करूनही दिवा राहिला तर खरा बिघाड शोधायलाच हवा, हेही मान्य. स्कॅनरला पैसे पडतात, मेकॅनिकला मेहनताना मिळायलाच हवा. पण कामाचा, आमच्या अज्ञानाचा नव्हे.

आणि हे अज्ञान राखतं कोण? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनीच कौल दिला, की मोटारदुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ साली 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात मोटारीही घेतल्या. चांगलं केलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. बॅटरी बदलल्यावर काय करायचं, हे गाडीच्या पुस्तकात स्वच्छ मराठीत एक पान छापायला कंपन्यांचं काय जातं?

तोवर आपणच शहाणं व्हावं. बॅटरी काढण्याआधी ते पुस्तक उघडा. कोणी "युनिट गेलं" म्हणालं, तर स्कॅनरवर कोणता कोड आला तो लिहून मागा. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी वर्गात कधी उद्धट म्हटलं नाही. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने तरी का लाजावं?