शर्यत अर्धी सोडू नये

यंदा शाळेच्या लांब पळण्याच्या शर्यतीत मी दुसऱ्याच फेरीत खाली बसलो. पोटात कळ आली, असे सगळ्यांना सांगितले. पण खरे कारण निराळेच. मी सर्वांच्या मागे पडलो होतो आणि मुले हसत होती. त्याची लाज वाटली.

मग गुरुजींनी वर्गात ललिता बाबर यांची माहिती सांगितली. त्या सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या. त्यांची शर्यत ३००० मीटरची, तीही अडथळ्यांची. वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी! बूट भिजले तरी तसेच पळायचे. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम शर्यतीत पळाल्या. दहावा नंबर आला. पदक नाही, पण शर्यत पुरी केली.

आपण उल्हास नदीकाठची मुले. गार पाण्यात अंग कसे काकडते ते आपल्याला ठाऊक आहे. बंगालच्या आरती साहा यांना १९५९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी पोहून जाणे जमले नाही. पण २९ सप्टेंबरला त्या पुन्हा उतरल्या आणि पार झाल्या.

माझे मत असे, की धाप लागणे म्हणजे हरणे नव्हे. पाय मुरगळला, चक्कर आली तर थांबावेच. पण नुसता दम लागला तर हळू पळावे, बसू नये.

मित्रांनो, शेवटच्याला हसू नका. आईबाबांनीही "कितवा आलास?" याच्या आधी "पुरी पळलास ना?" असे विचारावे. पुढच्या वर्षी मी कदाचित शेवटचा येईन, पण बसणार नाही.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी