वाडीची बासुंदी आणि कृष्णेचे पाणी

शिरोळात राहणाऱ्याकडे पाहुणे आले, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "वाडीला कधी जायचे?" वाडी म्हणजे नृसिंहवाडी. दर्शनाची काळजी दत्तमहाराजांना. पोटाची आणि पिशवीची मात्र आम्हां यजमानांना!

माझा सल्ला साधा आहे. बासुंदी तिथेच बसून खावी. ती प्रवासात टिकत नाही. घरी न्यायला पेढे बरे. आंबटगोड कवठाची बर्फी विसरू नये. कृष्णाकाठची वांगी दिसली, तर पिशवीत जागा करावी. मग पंचगंगा ओलांडून कुरुंदवाड गाठावे. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे जन्मगाव. इथले पटवर्धनांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले. बासुंदीचे राज्य मात्र अजून चालू आहे.

पावसाळ्यात कृष्णा वाडीच्या देवळात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. तो 'दक्षिणद्वार' सोहळा. भाविक स्नानाला धावतात. पण तेच पाणी आणखी चढले, की बाजारात येते. २००५, २०१९ आणि २०२१ साली ते असे आले. अशा वेळी दुकानदार कढया, तराजू, बरण्या उचलून उंचावर जातो आणि पाणी ओसरल्यावर चिखल उपसून पुन्हा भट्टी पेटवतो.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुटीत वाडीला याल, तर पेढा चाखून, पारखून खुशाल घ्या. पण पाच-दहा रुपयांसाठी त्याच्याशी घासाघीस करू नका.